पिनवाला पर्यायी अडॅप्टर की टाइप-सी चार्जर?

लॅपटॉपचा मूळ अडॅप्टर गेला की हा प्रश्न येतोच.

व्होल्टेज: पिनवाल्यात जबाबदारी तुमची. जुन्यावर ‘आउटपुट १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर’ असेल, तर व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर जास्त चालतील, कमी नाहीत. पिनची जाडी आणि लेबलवरच्या गोल चिन्हातले धन-ऋणही जुळवा. टाइप-सी पॉवर डिलिव्हरीत, म्हणजे टाइप-सीतून जास्त वीज देण्याच्या पद्धतीत, लॅपटॉप आणि चार्जर किती व्होल्ट ते आधी आपसात ठरवतात, मगच ५ व्होल्टवरून २० व्होल्टपर्यंत चढतात. इथे चुकायला वाव कमी.

कुठे अडतं: काही पिनांच्या मधोमध बारीक सुई असते, तिच्यातून अडॅप्टरची ओळख पटते. नाही पटली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसर रेंगाळतो. शिव्या मात्र बॅटरीला! टाइप-सीत फसवते ती केबल. ६० वॅटच्या वर ५ अँपिअरचीच लागते; साध्या केबलवर १०० वॅटचा चार्जरही ६० वरच थांबतो.

वजनात टाइप-सी सहसा हलका.

लॅपटॉपचं टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतच नसेल, किंवा जास्त वॅट खाणारा गेमिंग लॅपटॉप असेल, तर पिनवालाच घ्या. फिरतीवर असाल आणि फोनही त्याच चार्जरवर लावायचा असेल, तर टाइप-सी.