दंडावर 18 टक्के जीएसटी लावणारा ‘ऑडिट साहेब’

फोनवरच्या खोट्या ऑडिट साहेबाला आधी 38,940 दिले, मग 24,500. एकूण 63,440 रुपये. आकडा मुद्दाम देतोय, कारण सोलापूरच्या अक्कलकोट रोडला आणखी काहीजण असेच बुडालेत आणि लाजेपायी तोंड उघडत नाहीत.

आमचे टेरी टॉवेल न्हावा शेवा बंदरावरून परदेशी जातात. फोन आला ‘एक्स्पोर्ट रेकॉर्ड ऑडिट’चा. पाच वर्षांचे कागद दाखवा, नाहीतर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीला लागणारा नंबर, बंद. आता यात खोटं काय? कस्टम्सच्या 2018 च्या ऑडिट नियमांत पाच वर्षं आहेतच. त्यात आमच्या शिपिंग बिलाचा (निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायच्या कागदाचा) नंबर, तारीख, बंदर त्यानं घडाघडा वाचून दाखवलं. असला डेटा विकत मिळतो हे मागाहून कळलं. ‘एक बीआरसी बाकी दिसतंय’ म्हणाला (निर्यातीचे पैसे आल्याचा बँकेचा दाखला), आणि दुबईच्या पार्टीनं पैसे कापल्यामुळं आमचं एक खरंच अडकलेलं. सगळ्यांनाच हेच सांगत असणार. कुणाच्या फायलीत एखादं अडकलेलं नसतं?

मेलवर अशोकस्तंभाचं पत्र आलं, सोबत बिल: दंड 33,000, जीएसटी 18 टक्के, 5,940. तिथंच कळायला पाहिजे होतं. दंडावर जीएसटी! रोज टॅक्सची बिलं काढणाऱ्या माणसाला हे दिसू नये? आणि पैसे मागितले ते कुणाच्या तरी बचत खात्यावर, यूपीआयनं. ‘नोडल ऑफिसरचं खातं’ म्हणे. पण दुसऱ्या दिवशी कंटेनर भरायचा होता, सीए फोन उचलत नव्हते, आणि आयईसी बंद म्हणजे माल बंदरात पडून. माझ्या जागी कुणीही भरले असते. ‘फाइल क्लोजर’चे 24,500 सुद्धा त्याच घाईत गेले.

आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर अपडेट करायची असते, तीही फुकट. आमची झालेली होती! एलयूटीलाही, म्हणजे जीएसटी न भरता निर्यात करायच्या हमीपत्रालाही, फी नाही. त्यासाठी कुणी पैसे मागितले की फोन ठेवा.

पोलीस ठाण्यात गेलो तर ‘ऑनलाइन टाका’. ऑनलाइन टाकलं तर ‘बँकेत जा’. बँकेत साहेब म्हणाले, ‘ओटीपी तुम्हीच दिला ना?’ अहो, यूपीआयला पिन लागतो, एवढंही माहीत नाही? ज्या सरकारी खात्याच्या नावानं लुटलं तिथल्या बाबूनं तर ‘आमचा संबंध नाही’ म्हणून पत्राकडं बघितलंसुद्धा नाही. इनव्हॉइसवर एक स्पेलिंग चुकलं तर हेच लोक खुलासा मागतात. चोरानं त्यांचाच शिक्का मारला, तर एकालाही खुलासा नको!

1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी आधी ठाण्यात गेलो, तेवढ्यात खातं रिकामं.

नोव्हेंबर 2019 पासून कस्टम्स आणि केंद्रीय जीएसटीच्या बहुतेक पत्रांवर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख नंबर, असतो. सीबीआयसीच्या (या दोन्ही करांच्या केंद्रीय मंडळाच्या) साइटवर टाकला की पत्र खरं की खोटं ते समजतं. आमच्या पत्रावर ‘रेफरन्स नंबर’ होता, नुसता शोभेचा. शिपिंग बिल, इनव्हॉइस, ई-बीआरसी एकाच फायलीत ठेवा, आणि ती फोनवरच्या माणसाला पाठवू नका. मी पाठवली होती.

आता नवीन फोन येतात: ‘तुमचे 63,440 सोडवून देतो, 4,999 प्रोसेसिंग भरा.’ आकडा यांना कुठून कळला, हे सांगायला लागलो तर तक्रार घेणारे म्हणतात, वेगळा अर्ज करा.