अक्षरे हाताशी आहेत, शब्द कुठे शोधायचा?

ए, आर आणि टी. ही तीन अक्षरे देऊन कोणाला इंग्रजी शब्द शोधायला सांगा. एकजण आर्ट, रॅट, टार म्हणेल. दुसऱ्याला वॉटर आणि ट्रेड सुचतील. तिसरा पार्टी, हार्ट, स्मार्ट असे शब्द देईल. तिघेही बरोबर आहेत, कारण तिघांनी तीन वेगळे प्रश्न सोडवले. पहिल्याने फक्त तीच अक्षरे वापरली. दुसऱ्याला ती शब्दात कुठेही असली तरी चालली, बाकीची अक्षरे कोणतीही असोत. तिसऱ्याने ती सलग आणि त्याच क्रमाने धरली. यात आणखी एक पोटप्रश्न दडलेला आहे: एकच अक्षर पुन्हा वापरले तर चालेल का? चालत असेल तर टार्ट येतो, टार्टार येतो आणि ए-टी-टी-ए-आर असा लिहिला जाणारा, आपल्या अत्तराचा भाऊबंदही येतो.

कोणते साधन घ्यावे हे मी आधी या प्रश्नावरून ठरवतो. साधनाबद्दलची निम्मी नाराजी चुकीच्या प्रश्नाला चुकीचे साधन लावल्याने येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वात सोपा रस्ता म्हणजे वर्ड फाइंडर किंवा ॲनाग्राम (तीच अक्षरे उलटसुलट लावून होणारा दुसरा शब्द) सोडवणारी संकेतस्थळे. अक्षरे टाका, शब्द घ्या. यामागची युक्ती सुंदर आहे. यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमे लावून त्याची एक किल्ली करून ठेवता येते. ट्रायँगल, इंटिग्रल, रिलेटिंग, अलर्टिंग, ऑल्टरिंग या पाचही शब्दांची इंग्रजी अक्षरे अशी लावली तर किल्ली एकच निघते, म्हणून एक शब्द दिला की बाकीचे चार क्षणात हाती लागतात. अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द जुळवायच्या स्क्रॅबल या खेळासाठी याला तोड नाही. पण ही संकेतस्थळे बहुधा प्रत्येक अक्षर ही एकेक सोंगटी धरतात. न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बी या कोड्यात सात अक्षरे असतात, मधले अक्षर सक्तीचे असते, शब्द किमान चार अक्षरांचा लागतो आणि कोणतेही अक्षर कितीही वेळा वापरता येते. तिथे साधा ॲनाग्राम शोधक वापरलात तर टार्टारसारखे शब्द हातचे जातील.

दुसरा पर्याय वनलुकसारख्या कोश-शोधकाचा. इथे साचा द्यायचा असतो: ? म्हणजे एक अनोळखी अक्षर, * म्हणजे कितीही अक्षरे. शब्दकोड्यात तिसरे आणि सहावे अक्षर कळले आहे, एकूण आठ घरे आहेत, अशा वेळी मी दुसरीकडे कुठे जातच नाही. अक्षरे सलग हवी असतील तर दोन्ही बाजूंना तारा ठेवला की काम झाले. एका गोष्टीने मात्र नवखा माणूस हमखास गोंधळतो. इथे प्रश्नचिन्ह ठरावीक जागेवरचे अक्षर दाखवते, तर स्क्रॅबलच्या संकेतस्थळांवर बहुतेकदा तेच चिन्ह कोणत्याही अक्षराऐवजी चालणाऱ्या कोऱ्या सोंगटीसाठी असते आणि ती कुठेही बसू शकते. चिन्ह एक, अर्थ दोन.

तिसरा पर्याय थोडा कष्टाचा आहे, पण माझा कल त्याच्याकडेच आहे: शब्दांची यादी आपल्या संगणकावर ठेवणे. एनेबल नावाची १,७२,००० हून अधिक शब्दांची यादी सर्वांसाठी खुली आहे. युनिक्स घराण्यातल्या (लिनक्स, मॅक) अनेक संगणकांवर तर अशी एखादी यादी आधीपासूनच असते. साच्याशी जुळणाऱ्या ओळी शोधणारी ग्रेप (grep) ही आज्ञा वापरून आधी ए असलेल्या ओळी निवडायच्या, त्यांतून आर असलेल्या, त्यांतून टी असलेल्या. फक्त हीच तीन अक्षरे हवीत तर ती चौकटी कंसात घालून कंसापुढे तारा द्यायचा, सुरुवातीला ^ आणि शेवटी $ लावायचे. अक्षरे पुन्हा आली तरी चालतात, म्हणजे स्पेलिंग बीचा प्रश्न इथे आपोआप सुटतो. नको असलेली अक्षरे वगळायची सोयही याच आज्ञेत आहे, त्यामुळे पाच अक्षरी शब्द ओळखायच्या वर्डल या कोड्यात राखाडी झालेली, म्हणजे उत्तरात नसलेली अक्षरे गाळता येतात. सुरुवातीला एक तास शिकण्यात जातो. त्यानंतर चारही प्रश्नांना एकच साधन पुरते. आणि जाहिराती नाहीत!

छापील कोशाचा उपयोग इथे मर्यादित आहे, कारण तो पहिल्या अक्षरावरून लावलेला असतो. शेवट माहीत असेल तर यमककोश कामी येतो. जॉन वॉकर यांनी १७७५ साली शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटे लावून असा कोश केला होता.

चॅटबॉटला विचारायचा मोह होतो. तो शब्द अक्षराअक्षराने वाचत नाही, तुकड्यांनी वाचतो, त्यामुळे नसलेले अक्षर आहे म्हणून बिनदिक्कत सांगू शकतो. त्याने दिलेला प्रत्येक शब्द स्वतः तपासणार असाल तरच विचारा.

कोणताही मार्ग घ्या, मागे यादी कोणती आहे ते बघा. कॉलिन्सच्या २०१९ च्या स्क्रॅबल यादीत २,७९,४९६ शब्द आहेत. उलट वर्डलची मूळ उत्तरे जेमतेम २,३०० च्या आसपास होती. स्क्रॅबलमध्ये क्यू-आय हा शब्द खेळाडूंचा लाडका, कारण इंग्रजीत एरवी यू सोबत घेऊन येणारा, दहा गुणांचा क्यू तो यूशिवाय खपवतो. तोच शब्द रोजच्या बोलण्यातल्या शब्दांवर बेतलेल्या कोड्यात चालेलच असे नाही.

अधूनमधून एखादे कोडे अडते, एवढीच गरज असेल तर कोश-शोधक पुरे. स्क्रॅबल खेळून झाल्यावर काय सुटले ते पाहायचे असेल तर ॲनाग्रामचे संकेतस्थळ घ्या. मुलांसाठी शब्दखेळ तयार करणारे शिक्षक किंवा स्वतः कोडी रचणारे असाल तर यादी आणि ग्रेप यांवर तो एक तास जरूर खर्च करा.

आणि स्क्रॅबलच्या स्पर्धेत उतरायचे असेल तर यांतले एकही साधन पटावर सोबत येणार नाही. सात वेगळ्या अक्षरांच्या ५,०४० मांडण्या होतात. त्या डोक्यात कोणी फिरवत नाही. त्यापेक्षा आय-एन-जी, ई-आर, ई-डी असे शेपूट जमते का ते आधी पाहायचे, ते बाजूला ठेवायचे आणि उरलेली चार-पाच अक्षरे वर्तुळात मांडायची. ओळीत मांडली की नजर डावीकडून वाचायला लागते आणि एकाच चुकीच्या शब्दावर अडते. वर्तुळाला सुरुवात नसते, म्हणून ती मोकळी फिरते. आठवडाभर सात अक्षरांचे रोज दहा संच असे सोडवा आणि संकेतस्थळ उत्तर तपासण्यापुरतेच, शेवटी उघडा.