स्मार्ट हेल्मेट: कानासाठी उपयोगी, डोळ्यांसाठी नाही

स्पीकर, माइक, ब्लूटूथ आणि मागचे दाखवणारा कॅमेरा आतच बसवलेले फुल-फेस हेल्मेट काही महिने रोज वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की, त्यातील खरोखर कामाच्या सोयी दोनच आहेत आणि त्या दोन्ही साध्या, चांगल्या हेल्मेटलाही वेगळा इंटरकॉम (स्पीकर-माइक असलेले, चालकांना आपसांत बोलू देणारे छोटे यंत्र) लावून मिळवता येतात.

पहिली सोय म्हणजे कानात येणाऱ्या रस्त्याच्या सूचना. हँडलवरच्या फोनकडे नजर टाकण्यात एक सेकंद जरी गेला, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. नजर रस्त्यावर राहू देणारी कोणतीही सोय म्हणूनच मला मोलाची वाटते. दुसरी सोय सोबतच्या चालकांशी बोलण्याची. जुन्या ब्लूटूथ साखळीत मधला एक जण मागे पडला की पुढचे संभाषण तुटत असे, तर मेश पद्धतीत यंत्रे आपसांत दुसरा मार्ग शोधतात, आणि लांबच्या सामूहिक प्रवासात हा फरक चांगलाच जाणवतो. गाण्यांबद्दल मात्र मी साशंक आहे. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटमधील वाऱ्याचा आवाजच ९० डेसिबलच्या वर जातो, त्यावर मात करण्याइतके गाणे मोठे करणे म्हणजे कानांचे नुकसान ओढवून घेणे होय. (कानात इअरप्लग घालून स्पीकर ऐकले, तर शब्द उलट अधिक स्पष्ट कळतात, हे मला वापरातूनच उमगले.)

काचेवर वेग आणि मागचे दृश्य दाखवणारा पडदा हे सर्वांत मोठे आकर्षण असते आणि निराशाही तिथेच पदरी पडते. २०१४ मध्ये स्कली एआर-१ या हेल्मेटने याच कल्पनेवर लोकवर्गणीतून २४ लाख डॉलरपेक्षा अधिक रक्कम उभी केली, पण २०१६ मध्ये कंपनी बंद पडली आणि पैसे भरलेल्या असंख्य लोकांना हेल्मेट मिळालेच नाही. माझ्या हेल्मेटमधील कॅमेऱ्याचे दृश्य पावसात धूसर होते, त्यामुळे मी पुन्हा आरशांकडेच वळलो. अपघात ओळखून घरच्यांना संदेश पाठवणारी यंत्रणा उपयोगी ठरू शकते, पण तो संदेश फोनमार्फत जातो, त्यामुळे नेटवर्क नसलेल्या घाटात तिच्यावर विसंबता येत नाही.

डोके वाचवते ते कवच, त्याखालचा फोमचा थर आणि नीट बसणारा पट्टा. हा फोम एकदाच चेपण्यासाठी असतो. जोराचा आघात झाला की हेल्मेट बदलावेच लागते आणि आत कायमची बसवलेली सगळी महागडी यंत्रणाही त्याबरोबर टाकून द्यावी लागते. शिवाय रोज चार्ज होणारी लिथियम बॅटरी बहुधा हेल्मेटच्या आधी म्हातारी होते. वाढीव वजनाचा भार मानेला संध्याकाळी कळतो, तो वेगळाच.

म्हणून एकट्याने शहरात फिरणाऱ्याने हे हेल्मेट घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. दर आठवड्याला गटाने दूरवर जाणाऱ्याला वायर आणि डबे बाहेर न लोंबणारी एकसंध रचना हवी असेल, तर त्याने आधी ईसीई २२.०६ या हेल्मेट-सुरक्षेच्या युरोपीय मानकाची मान्यता पाहावी, कारण त्या मानकात तिरक्या आघाताचीही चाचणी होते. मग दुकानातच आतले अस्तर काढून पाहावे: धुण्यासाठी ते वायर न ओढता निघत नसेल, किंवा बॅटरी बदलून मिळणार नसेल, तर ते हेल्मेट परत फळीवर ठेवावे.