रोज सकाळी हिरवी स्मूदी: नऊ महिन्यांचा माझा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन 10.1 निघालं. बाईमाणसाचं 12 च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सकाळी काय खाता म्हणून विचारलं. पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, दोन पाव, त्यावर लोणी आणि साखर घातलेला मोठा कप चहा. इथे गोव्यात, फोंड्यात माझ्यासारख्या सातच्या बसने शाळेत जाणाऱ्या कितीतरी जणींची न्याहारी हीच आहे. दिवसातली पहिली पालेभाजी पोटात जायची ती दुपारच्या डब्यातली, तीही दोन चमचे. म्हणून स्मूदी सुरू केली. आता जुलै संपत आलाय. मधले तीन आठवडे सोडले तर आठवड्यातून पाच-सहा दिवस चुकवलेली नाही.

पहिला महिना वाईट गेला. मोठा ग्लास भरून, सगळा पाला कच्चा, आणि एका दमात पिणं. पोट दिवसभर फुगलेलं. इतकी वर्षं ज्या आतड्यांना सकाळी फक्त पाव मिळाला, त्यांच्यावर एकदम एवढा चोथा लादला की हे होणारच. मग अर्ध्या कपावर आले, दोन आठवड्यांनी पाऊण कप केला, आणि घोट घोट घ्यायला लागले. पोट ताळ्यावर आलं. नव्याने सुरू करणाऱ्यांनी अर्ध्या कपानेच सुरुवात करावी, असं मी अगदी कळकळीने सांगते.

आज माझ्या जारमध्ये काय जातं ते सांगते. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढलेला, पिळून घेतलेला मूठभर पालक. साळदाटी या गावठी जातीचं अर्धं केळं. पेरूची नाहीतर अननसाची एक फोड. आल्याचा छोटा तुकडा, अर्ध्या लिंबाचा रस, दोन मोठे चमचे दही आणि चमचाभर ओला नारळ. साखर, मध, खजूर काही नाही. आणि गाळायचं तर अजिबात नाही. गाळलं की तंतू चोथ्यात जातात आणि हातात रस उरतो. मोठ्या माणसाला दिवसाला निदान 25 ग्रॅम तंतू आणि 400 ग्रॅम फळं-भाज्या हव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाव-लोण्याच्या न्याहारीने त्यातलं जवळजवळ काहीच भरत नाही.

पालक उकळून का घेते, हे मला बऱ्याच जणी विचारतात. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. शरीरात कॅल्शियमशी जुळून त्याचे मुतखडे होऊ शकतात, आणि आमच्या घरात मुतखड्याचा इतिहास आहे. पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलं की विरघळणारं ऑक्झलेट बरंचसं निघून जातं. दह्यातलं कॅल्शियम उरलेल्यातलं काही आतड्यातच बांधून ठेवतं. उकळताना क जीवनसत्त्व थोडं जातं, ते लिंबू आणि पेरू भरून काढतात. नारळ चवीसाठी आहेच, पण पाल्यातलं बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडी चरबी लागते, म्हणूनही आहे.

लोहाचं गणित मात्र नीट समजून घ्यायला हवं. 100 ग्रॅम पालकात लोह जेमतेम 3 मिलीग्राम, आणि त्यातलंही शरीर थोडंच उचलतं. क जीवनसत्त्व सोबत असलं की जास्त उचललं जातं, चहा सोबत असला की कमी. माझ्या बाबतीत सगळ्यात मोठा बदल कदाचित हाच झाला असेल. स्मूदी आली म्हणून सकाळचा चहा शाळेच्या मधल्या सुट्टीत गेला. मेमध्ये हिमोग्लोबिन 11.7 आलं. त्यात गोळ्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो मी स्मूदीच्या नावावर लिहिणार नाही. गोळ्या बंद करून फक्त हिरवा ग्लास प्यायला लागलेली एक ओळखीची बाई मला माहीत आहे. तिचं काय झालं ते सांगायला नको.

गोळ्यांशी संबंध नसलेला आणि मला स्पष्ट जाणवलेला बदल म्हणजे पोट साफ होणं. लोहाच्या गोळ्यांनी उलट बद्धकोष्ठ होतो, आणि मला तो पूर्वीपासूनच होता. चौथ्या महिन्यापासून ती तक्रार गेली ती गेलीच. दुसरं म्हणजे अकरा वाजता वर्गात येणारी गळाठल्यासारखी भूक आता येत नाही. त्वचा उजळणं, केस दाट होणं वगैरे काही झालं नाही. वजन तीन किलो उतरलं, पण संध्याकाळी चालायला मी त्याच सुमारास लागले होते.

घरातल्या दोन गोष्टी मुद्दाम लिहिते. आमच्या यांना मधुमेह आहे. आधी मी सगळ्यांसाठी एकच जार फिरवायचे, दोन केळी आणि वर मध घालून. हिरवं आहे म्हणजे चांगलंच, अशी माझी समजूत. दोन तासांनी साखर मोजली तर पावाच्या न्याहारीपेक्षा जास्त. आता त्यांच्या ग्लासात केळं नाहीच. काकडी, पालक, दही, लिंबू आणि पेरूची एक फोड, सोबत उकडलेलं अंडं.

दुसरी गोष्ट आबांची. सासरे रक्त पातळ करणारी वॉरफरीनची गोळी घेतात. मी हौसेने त्यांनाही ग्लास द्यायला लागले. चौथ्या दिवशी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी सहज खाण्याचं विचारलं आणि तिथेच थांबवलं. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व असतं, ते एकदम वाढलं तर या गोळीचा परिणाम कमी होतो. ही गोळी घेणाऱ्याने पालेभाजी रोज साधारण सारख्या प्रमाणात खायची असते, अचानक वाढवायची नसते. मला हे माहीत नव्हतं, आणि आजही आठवलं की काळजात धस्स होतं. घरात कुणी अशी गोळी घेत असेल, कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच मिक्सर लावा.

पाल्याबद्दल थोडं. आपल्याकडे पालक बहुतेक बेळगावहून येतो. सरकारी हॉर्टिकल्चर महामंडळाच्या भाजीच्या गाड्यावर वर्षभर मिळतो, पण दुपारनंतर मलूल होतो, म्हणून मी सकाळीच घेते. हिवाळ्यात शुक्रवारी म्हापशाला जाणं झालं की गावठी तांबडी भाजी, म्हणजे तांबडा माठ, आणते. जुडी पुढे करत भाजीवाली म्हणते, "बाये, आयजूच काडल्या," म्हणजे आजच काढलीय, आणि मुळांची ओली मातीच ते सांगत असते. तांबड्या भाजीने स्मूदीचा रंग मातकट होतो, चवही जमिनीची येते. अननस घातला तर चांगली लागते. पण खरं सांगू का, तांबडी भाजी कांदा, मिरची आणि वर नारळ घालून परतलेलीच खावी. ती जारमध्ये घालताना मला दर वेळी चुटपुट लागते. टायकिळा या पावसाळी रानभाजीलाही तव्याचीच जागा योग्य. अळू किंवा तेरं (रानअळू) कच्चं घालायचा विचार कुणी करू नये. त्यातले सुईसारखे स्फटिक घसा खाजवून काढतात, म्हणूनच आपल्या आज्या ते आंबटाबरोबर भरपूर शिजवतात.

जूनमध्ये पाऊस लागला आणि माझं एकदा पोट बिघडलं. घाईत पालक नुसता नळाखाली धरून कच्चाच वाटला होता. तेव्हापासून तीन आठवडे स्मूदी बंद ठेवली. आता पावसाळ्यात कच्चा पाला अजिबात नाही. रविवारी चार जुड्या निवडते, पानं सुटी करून तीन पाण्यांतून धुते, उकळत्या पाण्यात बुडवून काढते, वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. रोज दोन वड्या काढायच्या. सकाळची दहा मिनिटं वाचतात, वीज गेली तर नुसत्या दह्यात कालवूनही खाता येतं. मिक्सर आमचा साधा, 750 वॅटचा. महागडा ब्लेंडर लागत नाही, फक्त पाला आधी थोड्या पाण्यात बारीक करून मग फळ घालायचं, नाहीतर दोरे दाताखाली येतात.

डब्यात भरून शाळेत न्यायचा प्रयत्न सोडून दिला. तीन तासांत रंग काळपट होतो आणि वास बदलतो. केल्यावर लगेच पिणं हेच बरं.

गेल्या आठवड्यात पागोळ्यांपासून दूर, पडवीत दोन कुंड्यांत पालकाचं बी टाकलंय. महिन्याभरात कोवळी पानं खुडता येतील. ती पानं आली की बाजारातल्या पालकाशी चव ताडून बघणार आहे, आणि सप्टेंबरात हिमोग्लोबिन पुन्हा तपासायचं आहे. डॉक्टर तेव्हा गोळ्या कमी करायचं बघू म्हणालेत.