जिन्यातला पंधरा इंची पंखा आणि आमचा एसी

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं. बाकी विदर्भाचा उन्हाळा कूलरवर निघतो, आमचा निघत नाही. बोअरचं पाणी कूलरात टाकलं की पंधरा दिवसांत गवतावर पांढरा थर चढतो, मग गवत करकरीत होतं आणि पंप जाम. नळाचं पाणी कूलरला ओतायची छाती कोणाची नाही. म्हणून तीन वर्षांआधी दीड टनाचा एसी घेतला. गारवा आला, पण मागच्या एप्रिलचं बिल 396 युनिटांचं आलं. महावितरणच्या दरात 300 च्या वर गेलं की पुढचा स्लॅब लागतो, आणि तिथलं एकेक युनिट बोचतं.

यंदा मार्चअखेरीस पंधरा इंची एक्झॉस्ट पंखा बसवला. 900 आरपीएमचा, 140 वॅटचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्यानं फरक पडत नाही. कुठे बसवला त्यानं पडतो. पंखा 3,200, वायर आणि मिस्त्री 900. जिना गच्चीवर निघतो तिथल्या खिडकीत, हवा बाहेर फेकेल असा बसवलाय. घरातली तापलेली हवा जिन्यातून वर चढतेच, तिला तो ढकलून देतो आणि खालच्या उत्तरेच्या दोन खिडक्यांतून बाहेरची गार हवा आपोआप आत येते. दुकानदार म्हणत होता, आत फेकणारा लावा, अंगाला वारा लागेल. वाऱ्यासाठी सिलिंग फॅन आहे की. मला भिंती थंड करायच्या होत्या.

भिंतीचं प्रकरण असं आहे, की छताचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते संध्याकाळनंतर घरात सोडतो. रात्री दहाला स्टुलावर उभं राहून छताला हात लावा, आत्ताच इस्त्री फिरवलेल्या कपड्यासारखा लागतो. एसी रात्री हवा गार करतो खरा, पण बंद केला की तासाभरात भिंती पुन्हा घर तापवतात. पंखा रात्रभर चालला तर पहाटेपर्यंत भिंतीच निवतात, आणि दुपारी त्या जरा उशिरा तापतात.

तीनशेचा थर्मामीटर बैठकीत टांगून ठेवलाय. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली एक रात्र: दहाला बाहेर 31, घरात 36. पंखा लावला. पहाटे पाचला बाहेर 25, घरात 28. साडेसहाला खिडक्या बंद, पडदे ओढले. दुपारी बाराला बाहेर 42 आणि बैठकीत 32. आधी अकरालाच एसीचं रिमोट शोधायला लागायचं, आता तीनच्या पुढे. रात्रभरात पंखा जेमतेम सव्वा युनिट खातो. आमचा एसी तेवढं एका तासाला खातो. यंदा एप्रिलचं बिल 291 युनिटांचं. त्यात दोन दिवस अवकाळी आला होता, त्याचंही थोडं श्रेय धरा.

आता चुका, कारण त्या माझ्याच आहेत.

पहिल्या रात्री मी एकच छोटी खिडकी उघडली. पंखा कण्हायला लागला, खोलीचं दार धाडकन आपटलं आणि हवेला वाट न मिळाल्यानं त्यानं ती बाथरूमच्या मोरीतून ओढली. वास सांगत नाही. खिडक्यांची उघडी जागा पंख्याच्या तोंडाच्या दुप्पट तरी पाहिजे.

दुसरी चूक झडपेची. सहाशे वाचवायला मी पंख्याला झडप घेतली नाही. पहिल्याच दुपारी बंद पंख्याच्या भोकातून लू सरळ जिन्यात उतरली, कठड्याचा लोखंडी पाइप हातात धरवेना. आठ दिवस तिथे जुनी गोधडी कोंबून काढले, मग गेलो आणि झडप आणली. पहिल्याच दिवशी घ्या.

तिसरी गोष्ट माझ्या हातात नाही. एप्रिलमध्ये इथे लोक धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवतात. एका रात्री पलीकडच्या वावरातला धूर पंख्यानं इमानेइतबारे घरात ओढला. बाबा आंगणात बाजेवर निजले होते, त्यांनी खिडकी ठोकली, “काऊन रे, घर पेटवतं का? बंद कर ते!” बाबांचं पंख्याबद्दलचं मत आजही तेच आहे. “आंगणात निजा, फुकटची हवा हाये,” म्हणतात. बरोबरच आहे, पण आईला मच्छर सहन होत नाहीत आणि पोरगी बाहेर निजत नाही. शिवाय रात्री एकजण अंगणात निजून घराचा स्लॅब थंड होत नाही, हे त्यांना कोण सांगणार.

आवाज आहे. खालच्या खोलीत झोपणाऱ्याला लांबून डिझेल इंजिन चालल्यासारखं ऐकू येतं. आम्हाला सवय झाली. पाहुणे आले की पंखा बंद ठेवतो.

नवतप्यात, म्हणजे 25 मेपासून, अपेक्षा ठेवू नका. रात्रीच बाहेर 30 असेल तर पंखा काय आत आणणार? त्या नऊ दिवसांत आम्ही एसीच चालवला. पाऊस सुरू झाल्यावरही नाही, दमट हवा घरात भरून कपाटातले कपडे सर्द होतात. कामाचे खरे दिवस मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत, कोरड्या हवेचे. टिनाचं घर असेल तर या भानगडीत पडूच नका. टिन रात्री लवकर निवतं आणि सकाळी नऊला पुन्हा तापतं, त्यात गारवा साठत नाही. जुनं जाड मातीच्या भिंतीचं, कवेलूचं घर असेल तर पंख्याचीच गरज नाही.

शेवटचं, खिडक्यांना बारीक जाळी लावा. मी मेमध्ये काढून झटकली तर ओंजळभर काळी माती निघाली, पंख्याच्या पात्यांवर वेगळीच. मिस्त्री सफाईचे दोनशे मागतो. चार बोल्ट आहेत, बारा नंबरचा पाना, वीस मिनिटांचं काम. आधी मेन स्विच पाडा.