सोपा कोड की कोड्यातला कोड?

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर माझ्याकडे दुरुस्तीला आलं. आधीच्या प्रोग्रामरने व्हेरिएबलना, म्हणजे कोडमध्ये आकडे साठवायच्या खणांना, नावं दिलेली: क, कक, ककक! वजनातली घट कुठे वजा होते हे शोधण्यात अख्खा दिवस गेला. तिकडे कांदेबागेचा (केळीच्या एका हंगामाचा) माल काट्यावर, इकडे मी 'कक'शी झटापट करतोय. 'दांड्याची घट' (घडाच्या दांड्याचं वजा होणारं वजन) असं नाव असतं तर दहा मिनिटांचं काम.

काही जण म्हणतात, किचकट लिहिलं की नोकरी पक्की. मला नाही पटत. सहा महिन्यांनी लिहिणाराच डोकं खाजवतो.

मजेसाठी असेल तर मात्र मी दुर्बोध कोडच्या बाजूने. सी या प्रोग्रामिंग भाषेत असा कोड लिहिण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८४ मध्ये सुरू झाली. १९८८ च्या एका विजेत्या प्रोग्राममध्ये कोडच वर्तुळासारखा मांडलाय. तो स्वतःच्याच क्षेत्रफळावरून पायची (π) किंमत काढतो. याला म्हणतात डोकं! वेबसाइटचा जावास्क्रिप्ट भाषेतला कोड आक्रसून फाइल लहान करतात ते वेगळं, ते काम टूलचं. मूळ कोड वेगळा ठेवलेला असतो, तो वाचता येतोच.

व्यापाऱ्याकडे मी नावं बदलली आणि एका ओळीची कॉमेंट (वाचणाऱ्यासाठी टीप) टाकली. बिल दिवसभराचंच लावलं.