तीन पाकळ्यांचे दोरीवाले सिलिकॉन इअरप्लग, मागाच्या शेडमध्ये कसे चालतात

५ पैकी ४ स्टार. सिलिकॉनचे, एकावर एक तीन पाकळ्या, मधे दोरी आणि ठेवायला छोटी प्लास्टिकची डबी. घाऊक घेतले म्हणून जोडी पन्नासच्या आत पडली, सुटी घेतली तर जरा जास्त जातील. मी स्वतः घालून शेडमध्ये फिरलोय आणि विणकर, जॉबर (माग दुरुस्त करणारा), कांडीवाल्या बायका सगळ्यांना वापरायला लावलेत, त्यामुळे हे नुसतं पाकीट वाचून लिहिलेलं नाहीये.

माझं काम सेफ्टी इन्स्पेक्शनचं. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसी, नीलम नगर, चिंचोळी, इकडच्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत जायचं, बेल्टवर गार्ड आहे का, वायरिंग कसं आहे, एक्स्टिंग्विशर भरलेलं आहे का, मागच्या दारापुढे मालाचे गठ्ठे रचलेत का हे सगळं बघून रिपोर्ट द्यायचा. गार्डचं बोललं की शेठ लोक लगेच लिहून घेतात कारण बोट गेलेला माणूस त्यांनी डोळ्याने पाहिलेला असतो, पण आवाजाचं काढलं की म्हणतात साहेब माग म्हटला की आवाज येणारच, आमचे वडीलही ह्याच आवाजात बसले. हो बसले, आणि त्यातल्या किती जणांना आज समोर उभं राहून ओरडून बोलावं लागतं ते विणकरांच्या पूर्व भागात कुठल्याही गल्लीत जाऊन बघा.

धोट्याच्या (आडवा धागा नेणारा तुकडा) जुन्या मागांच्या शेडमध्ये मीटर धरला की मला बहुतेक ठिकाणी ९५ ते १०० डेसिबलच्या मधे आकडा मिळतो. नियमात ८ तासांना ९० डेसिबल आहे आणि पुढे दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९५ ला ४ तास आणि १०० ला फक्त २ तास. आपल्याकडे पाळी कितीची चालते ते सोलापूरकरांना सांगायला नको. कान जायला लागला की आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येणं कमी होतं, बारीक आवाज जातात, मग बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाहीत, स, श, फ असली अक्षरं निसटतात, घरचे म्हणतात ह्यांचं लक्षच नसतं. आणि गेलेलं परत येत नाही, कानाला मशीन लावलं तरी पहिल्यासारखं होत नाही. म्हणून मी ह्या विषयावर जरा जास्तच बोलतो, आणि बोलणार.

आता प्लगवर येतो. बाजारात मुख्य तीन प्रकार मिळतात, स्पंजसारखे फोमचे, हे सिलिकॉनचे आणि हेडफोनसारखे दिसणारे इअरमफ. कागदावर फोम सगळ्यात भारी. चांगल्या फोमच्या पाकिटावर एनआरआर (किती डेसिबल अडतात त्याचा आकडा) २९ लिहिलेलं असतं, माझ्या ह्या सिलिकॉनवर २५. पण हा आकडा जसाच्या तसा धरायचा नसतो. अमेरिकेत ओशाचा (तिथलं कामगार सुरक्षा खातं) जो हिशोब आहे तो मी वापरतो, त्या आकड्यातून ७ वजा करायचे आणि उरलेल्याचं निम्मं धरायचं. म्हणजे फोमचे ११ आणि सिलिकॉनचे ९. शेडमध्ये १०० असेल तर फोम घातल्यावर कानाला ८९ आणि सिलिकॉनने ९१.

मग फोमच घ्या ना, असं कुणी पण म्हणेल. मी पण आधी फोमच वाटायला सांगायचो. एकदा अशोक चौकाजवळच्या एका शेडमध्ये एका वयस्कर विणकराला फोम घालायला लावला आणि जवळ उभं राहून बघितलं. फोम आधी बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा. त्यांच्या बोटांना मागाचं तेल, तेलाला कापसाची फुण चिकटलेली. वळता वळता पिवळा फोम काळा झाला, वर तंतू चिकटले, आणि कानात गेला तो अर्धाच, बाकीचा बाहेर लोंबतोय. असा अर्धवट बसलेला फोम जवळजवळ काहीच आवाज अडवत नाही. दिवसातून चार वेळा चहाला, जेवायला, फोनला काढणार आणि दर वेळी त्याच हातांनी परत वळणार, नको रे बाबा, कानात जखम व्हायची.

सिलिकॉनला वळायची भानगड नाही. मागचा दांडा धरून कान ओढून आत सारला की बसतो, पाकळ्यांना बोट लावायचं कामच नाही. काढला तर दोरीने गळ्यात राहतो, फरशीवर पडत नाही. संध्याकाळी साबणाच्या पाण्यात धुतला, सुकवला, डबीत टाकला. त्यामुळे लोक काढले तरी परत घालतात, आणि माझ्या दृष्टीने सगळा खेळ तिथेच आहे, कारण १०० डेसिबलमध्ये अर्धा तास जरी कान उघडा राहिला तरी दिवसाचा पाव कोटा त्या अर्ध्या तासातच संपतो.

त्याच विणकर अण्णांनी मला विचारलं, "साहेब, सुताची तार तुटली, धोटा अडकला तर मला कळणार कसं? मी मागाच्या आवाजावर काम करतो." प्रश्न एकदम बरोबर होता. मी म्हटलं, अण्णा आठवडाभर घाला, नाही जमलं तर मला परत द्या. नंतर गेलो तर प्लग कानात होता, म्हणाले आता सगळ्या मागांचा गोंगाट खाली बसलाय आणि बिघडलेल्या मागाची खटखट वेगळी लागते. सगळ्यांचं असं होत नाही हे पण सांगतो. ज्यांचा कान आधीच बराच गेलाय त्यांना प्लग घातल्यावर अजून कमी कळतं, त्यांची आधी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या आणि डॉक्टरांशी बोलून ठरवा.

२०२५ च्या मे महिन्यात एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ माणसं गेली, तेव्हापासून मालक लोक अजून एक विचारतात, प्लग घातल्यावर आगीचा भोंगा ऐकू येईल का. मागांच्या आवाजात नुसत्या भोंग्यावर प्लग नसतानाही विसंबू नका, सोबत फिरता लाल दिवा लावा, शेडच्या दोन्ही टोकांना.

दोरीबद्दल नीट वाचा. दोरी पुढे छातीवर लोंबत ठेवायची नाही, मानेमागून घेऊन कॉलरच्या आत टाकायची. बेल्टमध्ये किंवा फिरत्या भागात अडकली तर जिवावर बेतेल. जॉबर मागात वाकून काम करतो, त्याला बिनदोरीचेच द्या, ह्यात तडजोड नाही.

इअरमफ चांगला, पण पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे मध्ये ४२-४३ डिग्रीला तो तासभर पण कानावर राहत नाही, घामाने गादी चिकट होते. बायकांच्या कानातल्यांमुळे, चष्म्याच्या काडीमुळे फट राहते आणि आवाज आत शिरतो. थोड्या वेळाच्या कामाला ठीक, जसं कॉम्प्रेसर रूममध्ये जाऊन यायचं असेल तर. कान वाहत असेल तर मात्र प्लग अजिबात नको, तेव्हा मफच द्या.

एक स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. एक, तो वरचा ९१ चा हिशोब. १०० च्या शेडमध्ये हा एकटा पुरत नाही, तिथे वरून मफ घालायला लागतो (मफमुळे साधारण ५ डेसिबलच जास्त अडतात, दोघांची बेरीज होत नाही) किंवा माणसाची तिथली वेळ कमी करायला लागते. आणि खरा उपाय मागाची दुरुस्ती, झिजलेले पार्ट बदलणं, पायाखाली रबर पॅड हाच आहे, प्लग त्याच्या नंतर येतो. दुसरं, एकच साइज. बारीक कानाच्या बायकांना दुखतो, काही जणींनी दुसऱ्या दिवशीच परत केला.

शहरातल्या एका दुकानात मला सुट्या पिशवीत भरलेले, कसलाही आकडा नसलेले प्लग ह्याच भावात दाखवले, दिसायला सेम. घेऊ नका. पाकिटावर एनआरआर किंवा एसएनआर (तसाच युरोपातला आकडा) लिहिलेला नसेल तर तो किती अडवतो हे कुणालाच सांगता येणार नाही.

आणि कामगारांसाठी, ह्याचे पैसे पगारातून कापायचे नसतात. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ११४ मध्ये ते होतं आणि नव्या सेफ्टी कोडमध्येही आहे. एका कारखान्यात कापलेले दिसले, मी रिपोर्टमध्ये लिहिलं, पुढच्या पगारात परत मिळाले.

आता लहान साइजवाला दुसऱ्या कंपनीचा मागवलाय, हेमिंगच्या (कडा शिवणाऱ्या) अक्का लोकांना देऊन बघतो आणि इथेच खाली लिहितो.